गॉर्डन लाइटफूटचं तुमचं सगळ्यात आवडतं गाणं कोणतं? ('सनडाउन' सोडून)

बारातारी:
मंडळी, गेले तीन आठवडे मी गॉर्डन लाइटफूटशिवाय दुसरं काही ऐकलेलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या ओरिलियाचा गायक आणि गीतकार, जन्म 1938, 1 मे 2023 ला गेला. 'सनडाउन' 1974 मध्ये अमेरिकेत एक नंबरला होतं, ते सगळ्यांनी ऐकलेलं असतंच, म्हणून ते सोडून सांगा. आणि प्लीज नुसतं नाव टाकून जाऊ नका, त्यातलं नेमकं काय मनात रुतून बसलं तेही लिहा.

माझं 'द रेक ऑफ द एडमंड फिट्झगेराल्ड'. 10 नोव्हेंबर 1975 ला लेक सुपीरिअर या प्रचंड सरोवरात वादळात हे 729 फुटी मालवाहू जहाज बुडालं, लोहखनिजाच्या गोळ्यांनी भरलेलं होतं, 29 माणसं होती, एकही वाचला नाही. लाइटफूटने न्यूजवीकमधली बातमी वाचली आणि गाणं लिहिलं, 1976 मध्ये आलं. साडेसहा मिनिटांचं गाणं, ध्रुवपद नाही, एकच चाल फिरून फिरून येते आणि तरी कंटाळा येत नाही कारण प्रत्येक कडव्यात वादळ थोडं पुढे सरकलेलं असतं. मला सगळ्यात लागतो तो जहाजावरचा आचारी. तो वर येऊन सांगतो की एवढ्या हेलकाव्यात जेवण वाढता येणार नाही, आणि थोड्या वेळाने तोच सगळ्यांचा निरोप घेतो. बस एवढंच. कॅप्टनचं मोठं भाषण नाही, रडारड नाही, जेवण होणार नाही म्हटल्यावरच आपल्याला कळतं की आता काही खरं नाही.

पहाटेचा_पाऊस:
माझ्या आयडीवरून कळलंच असेल 😊 'अर्ली मॉर्निंग रेन'. एक माणूस विमानतळाच्या कुंपणाशी पावसात उभा आहे, खिशात पैसे नाहीत, घर लांब, आणि समोरून बोइंग 707 जेट विमान उडतंय. पूर्वी घरी जायचं तर मालगाडीत चोरून चढता यायचं, जेटमध्ये कसं चढणार? सगळं गाणं त्या एका गोष्टीवर उभं आहे. लाइटफूट तरुणपणी लॉस एंजेलिसला संगीत शिकायला गेला होता तेव्हा घरची आठवण आली की पावसात विमानं बघायला जायचा, त्यातून पुढे हे सुचलं. एल्विसने गायलं, बॉब डिलनने गायलं, पण मला लाइटफूटचंच हवं, कारण तो रडवेला होत नाही, साधं सांगतो. मी पहिली नोकरी सुटली तेव्हा हे गाणं रोज रात्री ऐकत होतो, त्या माणसाला कोणी उचलून घरी नेत नाही, तो तिथेच उभा राहतो, आणि तेच बरं वाटायचं.

शब्दवेडी:
'इफ यू कुड रीड माय माइंड', 1970. लग्न मोडत असताना लिहिलेलं. स्वतःला भूत म्हणतो, मग कादंबरीतला नायक, मग सिनेमातला, आणि प्रत्येक वेळी ती उपमा अर्ध्यावर टाकून देतो कारण खरं जे झालं ते त्यात बसत नाही. पण मला सांगायचंय ते वेगळंच. मूळ रेकॉर्डवर तो बायकोला म्हणतो की 'तुझ्यात' ज्या भावना नाहीत त्या समजून घ्यायचा प्रयत्न करतोय. त्याच्या मुलीने त्याला सांगितलं की बाबा, हे बरोबर नाही, कमी दोघांतही होती. आणि त्याने ते 'आपल्यात' केलं, पुढे कार्यक्रमांत तसंच गायचा. एवढा एक शब्द! पण दोष एकटीवरून उठून दोघांवर आला. स्वतःचं जगभर गाजलेलं गाणं मुलीच्या सांगण्यावरून बदलायला मन मोठं लागतं.

बारातारी:
शब्दवेडी, अगदी अगदी!! फिट्झगेराल्डचंही तेच आहे बघा. गाण्यात डेट्रॉइटच्या ज्या चर्चमध्ये प्रार्थना होते ते त्याने कुबट म्हटलं होतं, तिथल्याच कोणीतरी त्याला सांगितलं की आमचं चर्च कुबट नाही हो, तर पुढे तो त्याऐवजी 'रस्टिक' म्हणजे साधंसुधं गायला लागला. आणि 2010 मध्ये तर त्याहून मोठा बदल केला. रेकॉर्डवर आहे की संध्याकाळी सातला डेकवरचं मुख्य झाकण कोसळलं. नंतरच्या एका माहितीपटात असं मांडलं गेलं की चूक खलाशांची नव्हती, तर त्याने स्टेजवर ती ओळच बदलली, आता फक्त अंधार पडला एवढंच. ज्यांच्याकडे त्या झाकणांचं काम होतं त्यांच्या घरचे ते गाणं चौतीस वर्षं ऐकत होते, विचार करा. मला हा माणूस म्हणूनच जवळचा वाटतो, त्याच्यासाठी गाणं रेकॉर्ड झालं म्हणजे संपलं असं नव्हतं, ज्यांच्याबद्दल लिहिलंय ती माणसं त्याच्या डोळ्यांसमोर असायची.

जुना_श्रोता:
थोडं वेगळं मत मांडतो. मी अजूनही रेकॉर्डवरचंच ऐकतो. 'तुझ्यात' मध्ये जो राग आहे तो त्या वेळचा खरा होता, तो पुसला की गाणं जरा शहाणं होतं. जहाजाच्या ओळीचं मात्र पटलं, तिथे प्रश्न भावनेचा नाही, कोणावर आळ येतो त्याचा आहे. आणि तसं पाहिलं तर गाण्यात जहाज क्लीव्हलंडला निघालंय, प्रत्यक्षात डेट्रॉइटजवळच्या झुग आयलंडला निघालं होतं, ते त्याने तसंच ठेवलं कारण त्याने कोणाला इजा होत नाही.

माझं गाणं 'कॅनेडियन रेलरोड ट्रिलॉजी'. सीबीसीने, म्हणजे कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेने, देशाच्या शताब्दीसाठी मागून घेतलेलं, 1 जानेवारी 1967 ला प्रसारित झालं. सरकारी उत्सवाचं गाणं म्हटलं की आपल्याला काय अपेक्षा असते? इथे सुरुवात आणि शेवट वेगात, रेल्वेसारखा, आणि मधे गाणं एकदम संथ होतं, ते रूळ टाकणाऱ्या मजुरांसाठी. सुरुवातीला जंगल इतकं शांत की खरं वाटत नाही, आणि शेवटच्या ओळीत तेच शब्द मेलेल्या मजुरांसाठी येतात. ते लक्षात आलं तेव्हा मी गाणं थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावलं.

शब्दवेडी:
जुना_श्रोता, रागाचं म्हणणं समजलं, पण मुलगी समोर बसलेली असताना तो राग कसा गाणार हो तो? बाकी ट्रिलॉजीच्या शेवटाचं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, आज रात्री ऐकते.

नोव्हेंबर_वारा:
उशिरा आले धाग्यावर. 'साँग फॉर अ विंटर्स नाइट' कोणीच कसं नाही लिहिलं? बर्फ, दिवा, हातात पत्र... आणि लिहिलंय भर उन्हाळ्यात, क्लीव्हलंडमध्ये, बाहेर गडगडाट चालू असताना. 

आणि बारातारी, ते डेट्रॉइटचं चर्च आहे ना, मरिनर्स चर्च, तिथे जहाज बुडाल्यावर दुसऱ्या दिवशी 29 वेळा घंटा वाजवली होती, गाण्यातही तेच आहे. लाइटफूट गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पुन्हा वाजवली. 30 वेळा.

बारातारी:
हे मला माहीत नव्हतं. थँक्यू. आता परत लावतो.