मदत हवी आहे: गोटीचं अंतर मोजताना फरशीचे सांधे आडवे येतात

नववीच्या वर्गासाठी जडत्वाचा प्रयोग मांडतो आहे: उतारावरून सोडलेली काचेची गोटी वेगवेगळ्या पृष्ठभागांवर कुठे थांबते, ते मोजायचं. वस्तू थांबते ती घर्षणामुळे, हे मुलांना आकड्यांत दिसायलाच हवं. नुसतं सांगून ‘गती टिकवायला बळ लागतं’ ही चुकीची समजूत जात नाही.

गोटी 16 मिमीची. उतार वायरिंगच्या पीव्हीसी पट्टीचा, 60 सेमी. कोन कायम ठेवून गोटी पट्टीवर वेगवेगळ्या उंचीवरून सोडतो, कारण कोन बदलला की तळाशी बसणारा दणकाही बदलतो. तळाला पोस्टकार्डचं वळण दिलंय. गोटी बोटाने नाही, आडवी धरलेली मोजपट्टी उचलून सोडतो.

टॉवेलवर 2 सेमी उंचीवरून सोडली की गोटी 22 सेमी जाते, 4 सेमीवरून 43. उंची दुप्पट, अंतरही जवळजवळ दुप्पट. छान! टाइल्सवर मात्र 2 सेमीला एका दिशेने 290, उलट दिशेने 190 सेमी. म्हणजे मीटरला साधारण 2 मिमी ढाळ; तो दोन्हीकडून मोजून वजा करता येतो. खरी अडचण सांध्यांची. प्रत्येक सांध्यावर गोटी ‘टक्’ करून उडते, तिरकी जाते, आणि उंची दुप्पट केली तरी अंतर दुप्पट होत नाही. सांध्यांवर सेलोटेप लावून पाहिली, फरक नाही.

बजेट 500 रुपये, सामान वर्गात उचलून न्यायचंय. सलग 3 मीटरचा, बिनसांध्याचा कडक पृष्ठभाग कशाचा करावा? स्लायडिंग खिडकीची अॅल्युमिनियम चॅनेल घेतली, तर गोटी कडांना घासून उंची-अंतराचं प्रमाण बिघडेल का?