माळावरच्या वाळल्या गवताला मुंबईत चांगला भाव देणारे गिऱ्हाईक कुठे शोधावे?

प्रश्न : बोरिवलीकर
शहापूर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित पाच एकर माळावर दर वर्षी पवन्या, मारवेल आणि एका कडेला कुसळी असे गवत होते. आजवर ते उभेच एका व्यापाऱ्याला दिले जाई. तो माळ नजरेने जोखून ठरावीक रक्कम हातावर ठेवी, आणि गवत किती निघाले हे आम्हाला कधीच कळले नाही. गेल्या वर्षी मी स्वतः कापणी करवून एक ट्रक गोरेगावच्या तबेल्यात नेला, तर भाडे आणि हमाली वजा जाता व्यापारी देई त्याहूनही कमी उरले. मग थेट विकण्यातला नफा नेमका कोणाकडे मिळतो? रेसकोर्सच्या घोड्यांसाठी गवत घेतात, असेही ऐकले आहे.

उत्तर : तबेल्यातला
जोगेश्वरीत आमच्या म्हशी आहेत, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. ट्रकमध्ये गवत सुटे होते की दाबून बांधलेले, हे आपण लिहिलेले नाही, आणि सगळे गणित तिथेच अडते. समजा भाडे ९,००० रुपये आहे. सुटे गवत तीन टन भरले तर किलोमागे तीन रुपये भाड्यातच जातात, आणि गाठी बांधून सहा टन बसवले तर दीडच रुपया जातो. गाडी आली की आमचा गडी गाठीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालतो आणि मूठभर गवत काढून पिळतो. ते कडकन मोडले तर ठीक, नुसते वळले किंवा आत ऊब लागली तर भाव पडतो, आणि कुबट वास आला तर गाडी परत जाते. याला अडवणूक म्हणू नये, कारण २० टक्के ओलावा असलेले एक टन गवत १२ टक्क्यांपर्यंत वाळले की सुमारे ९०९ किलोच भरते; बाकीच्या ९१ किलोंसाठी आम्ही पाण्याचे पैसे मोजलेले असतात. शिवाय ओल्या गाठी थप्पीत आतून तापतात आणि क्वचित पेटही घेतात. कुसळी मात्र कुसळे धरण्याआधीच कापावी आणि वेगळी बांधावी, कारण ती जनावराच्या तोंडात रुततात आणि पवन्यात मिसळली तर साऱ्या गाडीला कुसळीचाच भाव लागतो.

उत्तर : गिरगावकर
महालक्ष्मीच्या रेसकोर्सचा नाद सोडावा. घोड्याला धूळ आणि बुरशी सोसत नाही, आणि माळावरच्या मिश्र गवताची प्रत दर गाडीला सारखी ठेवणे अवघड असते. व्हिक्टोरिया घोडागाड्यांचे घोडे हे एके काळी गिऱ्हाईक होते, पण २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. (आमच्या चर्नी रोडचे नावही चरणीवरूनच आले म्हणतात; आता तिथे गवताची काडी दिसत नाही.) त्यापेक्षा पांजरपोळांकडे विचारावे, भुलेश्वरचा तर १८३४ पासूनचा आहे. तिथे तबेल्याहून चढा भाव मिळेलच असे नाही, परंतु भाकड जनावरांनाही बारा महिने चारा लागतोच, त्यामुळे हंगामाआधी लेखी बोलणी करता येतात.

उत्तर : वाड्याचा शेतकरी
माझ्या मते गिऱ्हाइकाइतकाच महिनाही महत्त्वाचा आहे. दिवाळीनंतर सगळ्यांचेच गवत एकदम बाजारात येते. सुक्या चाऱ्याची खरी ओढ पावसाळ्यात लागते. पत्र्याची शेड असेल तर फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच थप्पी रचून निम्मा माल राखून ठेवावा. वजन मात्र घेणाऱ्याच्या काट्यावर सोडू नये. वाटेतल्या धर्मकाट्यावर भरलेली आणि रिकामी गाडी तोलून दोन्ही पावत्या जवळ ठेवाव्यात. मी एकदा ते केले नाही आणि एका व्यापाऱ्याकडे दोन क्विंटल गवत हवेत विरले.

बोरिवलीकर
गवत सुटेच होते आणि वजनही त्यांच्याच काट्यावर झाले. यंदा गाठी बांधायच्या ठरवल्या आहेत. शहापूर किंवा मुरबाडकडे ऑक्टोबरअखेर प्रेस भाड्याने देणारे कोणी असल्यास कृपया कळवावे.