तांब्याची भांडी, सत्तरीचे वडील आणि कसारा घाट: जुनी व्हॉल्वो वॅगन घ्यावी की ईको कार्गो?

तांबटआळी
नमस्कार मंडळी. नाशिकला भद्रकालीजवळ आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, मागे कारखाना. बंब, घंगाळं, हंडे आता कुणी पाणी तापवायला नेत नाही. आमचा बराचसा माल मुंबईच्या इंटिरियरवाल्यांकडे आणि रिसॉर्टांना जातो. आठवड्यातून दोनदा मुंबई होते. सध्या हॅचबॅकची मागची सीट पाडून काम भागवतोय, पण ते आता पुरत नाही.

मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून केलेली नक्षी, जवळून पाहिलं असेल त्यांना कळेल. ठोक्याला ठोका लागून बसलेला असतो आणि प्रत्येक ठोक्यावर उजेड वेगळा पडतो. वाटेत भांडं भांड्याला घासलं की त्या ठोक्यांवरून लालसर उजळ रेघ उठते. ती नुसती पुसून जात नाही, सगळं भांडं परत पॉलिशला घ्यावं लागतं. मागच्या महिन्यात दोन घंगाळं अशीच परत आणली. जुन्या गोधड्या घालून नेली होती, तरीही.

ओळखीतल्या एका डॉक्टरांची २०१८ची व्हॉल्वो व्ही९० क्रॉस कंट्री विकायची आहे. स्टेशन वॅगन आहे, म्हणजे मागची डिकी वेगळी नसून छपराखालीच असलेली लांब कार. डिझेल, ६१ हजार किलोमीटर, २६ लाख सांगतायत. ही गाडी २०१७ला भारतात आली तेव्हा साधारण ६० लाख एक्स-शोरूम होती. दुसरा पर्याय मारुतीची नवी मालवाहू व्हॅन, ईको कार्गो सीएनजी, सहा लाखांच्या आसपास. माझा कल व्हॉल्वोकडे आहे. वडील सत्तरीचे आहेत, कंबरेचं ऑपरेशन झालंय, तरी गिऱ्हाईकाकडे स्वतः येतात. गाडी घरालाही होईल. पैसे आहेत, कर्ज काढायचं नाही. स्पष्ट सांगा.

सातपूरकर
ईको. विचार करण्यासारखं काही नाही यात. मधले वीस लाख तांब्याच्या पत्र्यात घाला, दिवाळीच्या आधी भाव चढतो तेव्हा कामाला येतील. शिवाय जीएसटीचं पाहा. माणसं वाहणाऱ्या १३ सीटपर्यंतच्या गाडीवर भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट तुमच्यासारख्या धंद्याला मिळत नाही, मालवाहू गाडीवर मिळतं. सप्टेंबर २०२५पासून मालवाहू गाडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, आणि तो १८ही तुमच्या विक्रीच्या करातून वळता होतो. जुन्या व्हॉल्वोत असं काहीही परत येणार नाही.

गोदाकाठ
सातपूरकर, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण त्यात गाडीत बसलेला माणूस कुठे आहे? २०१६ला ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्यांची अपघात-चाचणी घेणाऱ्या संस्थेने, ईको आपटून पाहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले होते. त्या गाडीत एअरबॅग नव्हती आणि त्यानंतर सुधारणा झाल्या, हे मान्य. पण पाय पुढच्या चाकावर आणि इंजिन सीटखाली, ही रचना तीच राहिली. व्ही९०ला युरो एनकॅपमध्ये २०१७ला पाच तारे आहेत. कसाऱ्यात ट्रकच्या मागे आणि ट्रकच्या पुढे आठवड्याला दोनदा जाणार असाल तर हा फरक वीस लाखांच्या तराजूत टाका.

आणि एक जुनी गोष्ट. आपल्याकडे स्टेशन वॅगन कधी खपलीच नाही. टाटा इस्टेट १९९२ला आली, इंडिगो मरीना २००४ला, मध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी. लोकांना डिकी वेगळी दिसायला हवी होती, म्हणून सगळ्या मागे पडल्या. आमच्या काकांकडे टाटा इस्टेट होती. मालेगावहून लग्नाचं सगळं सामान आणि वर चार माणसं तिने एका फेरीत आणली होती. वॅगनला मागणी नाही म्हणून ६० लाखांची गाडी आज २६ लाखांत मिळतेय. ती ज्याच्या खऱ्या उपयोगाची आहे त्याने घ्यायलाच हवी.

तांबटआळी
काकांच्या गाडीचं वाचून बरं वाटलं. मालाची जागाही पाहिलीय. व्ही९०ची मागची जागा ५६० लिटर, सीट पाडून १५२६.

आरटीओचा_फेरा
नाशिकमध्ये पंधरा वर्षं गाड्यांच्या कागदपत्रांचं काम करतोय. लिटर बाजूला ठेवा, आधी हे वाचा.

मोटार वाहन कायद्यात मालवाहू गाडीची व्याख्या दोन भागांत आहे. माल वाहण्यासाठीच बनवलेली गाडी ही मालवाहू. पण तशी न बनवलेली गाडीसुद्धा माल वाहायला वापरली की त्या वेळेपुरती मालवाहूच ठरते. प्रवाशाचं सामान, वैयक्तिक वस्तू यांना त्यातून सूट आहे. गिऱ्हाईकाला बिल फाडून पाठवलेली आठ घंगाळं वैयक्तिक वस्तू होत नाहीत. म्हणजे पांढऱ्या पाटीच्या, खाजगी नोंदणीच्या व्हॉल्वोतून आठवड्यातून दोनदा माल नेलात तर नोंदणी एक आणि वापर दुसरा असं होईल. रस्त्यात कुणी अडवणार नाही कदाचित. प्रश्न विम्याच्या क्लेमच्या वेळी येतो. सर्व्हेअर पहिला फोटो मागच्या जागेचा काढतो.

आता ईकोचीही दुसरी बाजू सांगतो. व्यावसायिक नोंदणीची पिवळी पाटी, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस तपासणी आणि पुढे दरवर्षी, ताशी ८०चा स्पीड लिमिटर. एकूण वजन तीन हजार किलोंच्या आत म्हणून परमिट लागत नाही. लायसनची चिंता सोडा: नोव्हेंबर २०२४च्या सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाच्या निकालानंतर साडेसात हजार किलोंपर्यंतची मालवाहू गाडी साध्या कारच्या लायसनवर चालवता येते. मात्र त्या गाडीत सीट दोनच. वडील मालाचे मालक म्हणून शेजारी बसले तर विम्यात बसतात. पण बायको-मुलांना सप्तशृंगीला नेलंत आणि काही झालं, तर मालगाडीत फुकट बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. हेही सुप्रीम कोर्टाने २००२लाच सांगितलंय. म्हणून 'घरालाही होईल' हे वाक्य ईकोला लावू नका आणि 'धंद्यालाही होईल' हे व्हॉल्वोला लावू नका.

कॉलेजरोड_९०
इतकं घाबरवू नका हो त्यांना. अर्धं नाशिक पांढऱ्या पाटीच्या गाडीत माल नेतं. साडीवाले, सराफ, केटरर, सगळे. कुणाचं काय अडलंय?

आरटीओचा_फेरा
ज्यांचं अडलं ते इथे लिहीत नाहीत, माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी एका केटररचा साडेचार लाखांचा क्लेम याच कारणाने नामंजूर झाला. फाईल मी स्वतः पाहिलीय.

दिंडोरीची_बाग
आमच्याकडे एका परदेशी कंपनीची डिझेल गाडी होती, सेकंडहँडच घेतलेली. महामार्गावर स्वर्ग. पण गाडी रोज गंगापूर रोड ते शाळा, शाळा ते भाजी, अशी दोन-तीन किलोमीटरच फिरायची. डिझेलच्या धुरातली काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात. ती जाळून साफ व्हायला गाडी सलग गरम चालावी लागते, ते झालंच नाही. जाळी तुंबली, दिवा लागला, गाडी जोर धरेना. पार्ट यायला तीन आठवडे. ऐन द्राक्ष तोडणीत तीन आठवडे गाडी नसणं म्हणजे काय, हे बागवाल्यालाच विचारा. तांबटआळी, तुम्ही मुंबईला जाता म्हणून जाळीचं तुमचं ठीक राहील. पण गाडी बंद पडली तर ऑर्डर कशातून पाठवणार, हे आधी ठरवा. आम्ही आता घराला साधी पेट्रोल कार ठेवलीय आणि मालाला पिकअप भाड्याने लावतो.

गोदाकाठ
भाड्याच्या पिकअपमध्ये मठारलेलं भांडं? ताई, द्राक्षांची क्रेट आणि हे भांडं एक नाही. ड्रायव्हर आपला नसतो, खड्डा पाहून हळू घेत नाही.

दिंडोरीची_बाग
निर्यातीचं द्राक्षसुद्धा मणी गळला की गेलं. आम्ही दोन वर्षं एकच ड्रायव्हर लावतो, तो हळूच घेतो. माणूस सांभाळला की माल सांभाळला जातो.

तांबटआळी
रविवारी दोन्ही गाड्यांत प्रत्यक्ष माल भरून पाहिला. ईको एका मित्राची होती.

बंब चिमणीसकट तीन फूट. व्हॉल्वोत तो उभा राहत नाही, सीट पाडून आडवा घालावा लागला. शेजारी घंगाळं तीनच बसली, चौथ्याचा काठ बंबाला टेकायला लागला. गालिचा मऊ, मागचं दार बटणावर उघडतं, एकही भांडं वाजलं नाही. ईकोत बंब उभा राहिला, पाच घंगाळं राहिली आणि वर समयांची खोकी. सरकतं दार असल्यामुळे आमच्या गल्लीत गाडी भिंतीला लावूनही बाजूने माल भरता आला. तळाचा पत्रा मात्र उघडा. त्यावर जाड रबर मॅट आणि दोन्ही बाजूंना पट्टे लावायला लागतील.

वडिलांना दोन्हींत बसवलं. व्हॉल्वोत बसले आणि हात न लावता उठले. ईकोत चढताना पाय कुठे ठेवायचा तेच त्यांना उमगेना, मी दंड धरला. उतरल्यावर काही बोलले नाहीत, बंबावरची बोटांची खूण पुसत राहिले.

आरटीओवाल्यांचं पटलंय, मालासाठी पिवळी पाटीच हवी. म्हणून ईको कार्गो बुक करतोय. वडिलांसाठी पंचवटी एक्स्प्रेसने जायचं ठरवतोय, मी माल घेऊन पहाटे निघेन आणि दादरला त्यांना घेईन.

सातपूरकर
उत्तम. मॅटवर पैसे वाचवू नका, आमच्या कारखान्यात मशीनखाली घालतो ती जाड रबर शीट घ्या. पत्ता कळवतो.

गोदाकाठ
मालाचं ठीक झालं. पण पंचवटीने उतरलेल्या वडिलांना दादरच्या गर्दीतून आणून तुम्ही पुन्हा त्याच ईकोत चढवणार, वरळीला उतरवणार, परत चढवणार. दिवसात चार वेळा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ला सुरू झाला, कसाऱ्याचा घाट बोगद्यातून पार होतो. व्हॉल्वोतून सकाळी निघाले तर म्हातारा माणूस झोपत जाईल. डॉक्टरांना अजून नाही म्हणू नका. दिवाळीपर्यंत थांबतील का, एवढं विचारा.