मदत हवी आहे: मुलींसाठी दोन दिवसांची विज्ञान कार्यशाळा घ्यायची आहे, पण काम मुलींच्याच हातून व्हायला हवं

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने आमच्या आणि शेजारच्या दोन शाळांतल्या सातवी ते नववीच्या मुलींसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायचं ठरलंय. साधारण साठ मुली येतील. मुख्याध्यापकांचा होकार आहे, ग्रामपंचायत सभागृह देतेय आणि गावातल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानदाराने उरलीसुरली तांब्याची तार द्यायचं कबूल केलंय. पैशाचं जमेल. सल्ला हवाय तो आखणीबद्दल.

आमच्याकडे विज्ञानाचा कार्यक्रम म्हटलं की तालुक्याचं प्रदर्शन. थर्माकोलचा ज्वालामुखी, ठिबक सिंचन, पवनचक्की. परीक्षक टेबलापाशी आले की मुलगी पाठ केलेली माहिती घडाघडा म्हणते. वायरिंग कुणी केलं असं विचारलं की उत्तर येतं, दादाने किंवा सरांनी. प्रयोगशाळेतही वेगळं नाही. गटात मुलगे असले की अमीटर, व्होल्टमीटर ते जोडतात आणि निरीक्षणं वहीत उतरवायचं काम मुलीकडे येतं, कारण 'तिचं अक्षर चांगलं'. कुणी मुद्दाम करतं असं नाही. पण दहावीपर्यंत हेच चालतं, आणि मग आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला मुली का नाहीत म्हणून आपणच हळहळतो.

गेल्या वर्षी आठवीत साधी मोटर करायला घेतली होती. एक मोठा सेल, त्याच्या दोन्ही टोकांना रबरबँडने बांधलेल्या सेफ्टी पिना, वर एक चकतीसारखं चुंबक आणि पिनांच्या डोळ्यांत टेकवलेलं वाइंडिंगच्या तारेचं वेटोळं. यातली खरी मेख तारेच्या टोकांत असते. एका टोकावरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, गोलाकार पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. त्यामुळे अर्ध्या फेरीत प्रवाह वाहतो, उरलेल्या अर्ध्या फेरीत तुटतो आणि वेटोळं स्वतःच्या वेगावर पुढे निघून जातं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर ते जागच्या जागी थरथरतं आणि थांबतं.

एका मुलीचं नेमकं तसं झालं होतं. वेटोळं उचलून ती टोकांकडे निरखून बघत होती, तेवढ्यात शेजारच्या गटातला मुलगा 'आण इकडं' म्हणाला. त्याने नवी तार घेतली, खरवडली आणि मोटर फिरवून दाखवली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. तास संपल्यावर ती मला म्हणाली, "मॅडम, मला सापडत आलं होतं." पुढच्या दोन तासांत तिने साहित्याला हात लावला नाही. सगळी कार्यशाळा मला या एका गोष्टीभोवती रचायची आहे. मुलगी अडली की तिला अडून राहायला वेळ मिळाला पाहिजे आणि तिच्या हातातली वस्तू कुणी काढून घेता कामा नये.

आता प्रश्न.

फक्त मुलींसाठी कार्यक्रम ठेवल्यावर 'मुलांनी काय घोडं मारलंय?' असं आमच्याच शिक्षकखोलीत विचारलं जातंय. सहकारी वाईट हेतूने बोलत नाहीत, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायचं आहे. तुमचा अनुभव काय?

दुसरं, ड्रोन आणा, रोबो आणा असा आग्रह आहे. माझं मत विरुद्ध आहे. ड्रोन आकाशात उडतो, मुली माना वर करून बघतात, फोटो निघतात, संपलं. मोटर, केळ्यातून डीएनए वेगळं करणं, एलईडीचा बिल्ला, थोडं सोल्डरिंग आणि फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक एवढं डोक्यात आहे. यात काय कमी, काय जास्त?

तिसरं, बोलायला कुणाला बोलवावं? कमला सोहोनींची गोष्ट मी स्वतः सांगणार आहे. २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणाम आपण दरवर्षी साजरा करतो. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९३३ मध्ये, मुंबई विद्यापीठात अव्वल आलेल्या कमला भागवतांना (सोहोनी हे लग्नानंतरचं आडनाव) त्याच रामन यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. वर्षभर काम पारखून घेण्याच्या अटीवर त्यांनी प्रवेश मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेतली. माझ्या मुलींना ही गोष्ट विज्ञान दिनालाच कळायला हवी. पण हाताने काम करणारी, आज समोर उभी असलेली बाईही त्यांना दिसली पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन दिवसांनंतर काय?

– माणदेशी_मॅडम

---

पाना_पक्कड: मॅडम, आधी गटच करू नका. प्रत्येकीला स्वतःचा संच द्या. तार फुकट आहे, सेल आणि चुंबक घाऊक घेतलं तर खर्च फार येत नाही. गट आला की एक करणारी आणि तीन बघणाऱ्या असं होतंच, मग सगळ्या मुलीच का असेनात.

मदतनीसांना एकच नियम सांगा, हात पाठीमागे. मुलीने बोलावलं तरी वस्तू उचलायची नाही, फक्त प्रश्न विचारायचा. 'प्रवाह कुठून कुठे जातोय, बोटाने दाखव' एवढं विचारलं तरी निम्म्या मोटरी फिरायला लागतात. हा नियम पाळायला मोठ्या माणसांना फार जड जातं, म्हणून आदल्या दिवशी त्यांच्याकडूनही एकेक मोटर करून घ्या.

शिक्षकखोलीसाठी उत्तर: पाबळच्या विज्ञान आश्रमाचं काम बघा. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेलं. त्यांच्या शाळांमधल्या तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुलं-मुली सगळेच वेल्डिंगही करतात आणि स्वयंपाकघरातलं विज्ञानही शिकतात. म्हणजे मुलांना वगळायचं नाहीच आहे. पण ज्यांच्या हातात आजवर पक्कड आली नाही त्यांना आधी द्या, जूनपासून सगळ्यांना एकत्र करा. तेव्हा मुली मागे सरणार नाहीत.

झुंजुरका: सोल्डरिंग नक्की ठेवा. वितळलेलं कथील पसरून चकाकतं तेव्हा मुलींचे चेहरे बघण्यासारखे असतात! पण एका वेळी सात-आठ जणींनाच बसवा आणि शेजारी एक मोठी बाई कायम हवी. खिडक्या उघड्या, डोळ्यांना चष्मा, वेण्या मागे बांधलेल्या. गणवेशाची ओढणी बाजूला ठेवायला सांगा, ती गरम टोकावर पडते. सोल्डरच्या तारेत बहुधा शिसं असतं, म्हणून खाऊच्या आधी साबणाने हात धुणं सक्तीचं.

एलईडी बिल्ल्याबद्दल कळकळीने सांगते. त्यात तीन व्होल्टचा बटणसेल लागतो. बिल्ला घरी जाणार, घरी लहान भावंडं असणार. तो सेल पोटात गेला तर अन्ननलिका भाजते, मूल दगावू शकतं. सेल चिकटपट्टीने घट्ट गुंडाळा आणि हे मुलींना स्पष्ट शब्दांत सांगा. नाहीतर बिल्ल्यासाठी दोन पेन्सिल सेल आणि स्क्रूने बंद होणारा खोका वापरा.

पाहुणी म्हणून महावितरणच्या एखाद्या महिला जनमित्राला बोलवा. खांबावर चढून काम करणाऱ्या मुली आता बऱ्याच ठिकाणी आहेत. भाषण नको, तिने कमरेचा पट्टा, हातमोजे आणि अर्थिंगचा रॉड आणावा आणि मुलींना हाताळू द्यावा.

दुपारची_सुट्टी: मी निवृत्त शिक्षक. सुरुवातीला दहा मिनिटं कोरा कागद द्या आणि 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' म्हणा, बाकी काही सांगू नका. चेंबर्स नावाच्या अभ्यासकाने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशाच पाहणीत ४,८०७ मुलांपैकी फक्त २८ जणांनी बाई काढली होती आणि त्या सगळ्या मुली होत्या. तुमच्या साठ कागदांवर काय येतं ते शिक्षकखोलीच्या भिंतीवर लावा. सहकाऱ्यांशी वाद घालावा लागणार नाही.

दोन दिवसांनंतरचं म्हणाल तर साहित्याच्या कपाटाची किल्ली मुलींकडे द्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तासभर दुरुस्तीचं टेबल लावायचं. घरातली बंद पडलेली विजेरी, खेळण्यातली गाडी, रिमोट. फक्त सेलवर चालणाऱ्या वस्तू, भिंतीच्या विजेला हात नाही. नोंदवहीत कुणी काय उघडलं, काय सापडलं ते लिहायचं. दुरुस्त झालं नाही तरी लिहायचं. साहित्य कमी पडलं तर अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची खेळणी आहेत, मराठीतूनही आहेत, सगळं विनामूल्य.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी शेवटचा तास आयांसाठी ठेवा. मुलीने आईला शेजारी बसवून मोटर करायला शिकवायची. शनिवारी मुलीला थांबू द्यायचं की घरी कामाला बोलवायचं हे ठरतं घरात, तुमच्या वेळापत्रकात नाही.

माणदेशी_मॅडम: सगळ्यांचे मनापासून आभार. हात पाठीमागे हा नियम फळ्यावर लिहूनच ठेवणार. बटणसेल रद्द, पेन्सिल सेल नक्की. आयांचा तास दुपारी तीनला ठेवते, धारा काढायच्या आत त्या घरी पोचल्या पाहिजेत. किल्लीचं मुख्याध्यापकांशी बोलले. वहीत सही करून न्यायची या अटीवर ते तयार आहेत.

एसटीचा प्रश्न उरलाय. मुलींकडे अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, पण रविवारी आमच्या मार्गावर गाड्या कमी असतात. म्हणून शनिवार-रविवारऐवजी शुक्रवार-शनिवार करायचा विचार आहे. दहिवडी, म्हसवड, फलटण भागात कुणाकडे २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न दोन दिवसांसाठी मिळतील का? आठ लागतील, तीन जमली आहेत. आणि आयटीआयला शिकवणारी किंवा वायरिंगची कामं घेणारी कुणी ताई-मावशी ओळखीत असेल तर कृपया इथेच कळवा. येण्याजाण्याचं आणि जेवणाचं आम्ही बघू.