बेकरीच्या लाइनसाठी मोठी बंद व्हॅन घ्यावी का? (वाई–पाचगणी–महाबळेश्वर)

भट्टीवाली_वाई

नमस्कार मंडळी. वाईत आमची बेकरी आहे, सासऱ्यांनी सुरू केलेली. नवरा भट्टी बघतो आणि लाइन मी बघते. पहाटे चारला गाडी निघते, पसरणी घाट चढून आधी पाचगणीच्या शाळांच्या मेस, मग तिथली हॉटेलं, पुढे भिलारकडची दोन दुकानं आणि शेवटी महाबळेश्वरचा बाजार. शाळांचा नाश्ता आठचा, म्हणून सातच्या आत पाव त्यांच्या स्वयंपाकघरात हवा.

आत्ता पिकअप आहे, मागे लोखंडी सांगाडा आणि वर ताडपत्री. आठ महिने काही म्हणणं नाही. पण जून ते सप्टेंबर रोज पहाटे जीव टांगणीला लागतो. महाबळेश्वरला एका पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, आडवा येतो. गेल्या जुलैत ताडपत्रीची एक कडी तुटली, वाऱ्याने कोपरा उचलला आणि वर पोचेपर्यंत ३१ क्रेट भिजले. एका मेसच्या मावशींनी ओला पाव हातात धरून दाखवला, बोलल्या काहीच नाहीत. त्या दिवशी दीडशे मुलांना नाश्त्याला पोहे करावे लागले. मला ते अजून लागून राहिलंय.

म्हणून या पावसाआधी बंद गाडी घ्यायचीच. समोर तीन पर्याय आहेत. टाटाची नवी विंगर कार्गो, पुण्यात बघितलेली २०१९ सालची जुनी ट्रॅव्हलर डिलिव्हरी व्हॅन (आधी कुरिअरला होती म्हणतात), किंवा आहे त्याच पिकअपवर पत्र्याची कंटेनर बॉडी बांधून घेणं.

आमचा माल वजनाने हलका आणि जागेला भारी. क्रेट ६०० बाय ४०० मिलिमीटरचा, उंची १५०. त्यात ४०० ग्रॅमचे १२ पाव बसतात. क्रेटसकट वजन साधारण साडेसहा किलो, लादीपावाचा क्रेट त्याहून हलका. विंगरच्या कागदावर आतली जागा ३२४० बाय १६४० बाय १९०० मिलिमीटर आणि वजन १६८० किलो दिलंय. लांबीत पाच क्रेट. रुंदीत चार बसतील, पण मग माणूस आत जाणार कुठून? म्हणून तीनच, आणि एका अंगाला जेमतेम दीड फुटाची वाट. पंधरा थप्प्या, दहा-दहा क्रेटच्या, म्हणजे १५० क्रेट. वजन एक टनाच्या आतच. पिकअपमध्ये ताडपत्रीखाली ११० बसतात आणि सीझनला दोन फेऱ्या पडतात.

मागच्या चाकांच्या कमानी आत येतात तिथे माझी जुळणी बिघडते. तिथे कमानीच्या उंचीचा लाकडी कट्टा करून त्यावर थप्पी लावायची, असं मनात आहे.

विचारायचं ते हे: घाटात या गाड्या भरल्या मालाने कशा चालतात? जुनी बघताना काय काय तपासावं? आणि मला सुचलंच नाही असं काही राहतंय का?

घाटवळण

ताई, बावीस वर्षं मी वाई ते पोलादपूर गाड्या चालवतोय, पसरणी आणि आंबेनळी दोन्ही. पोटातलं सांगतो.

विंगर पुढच्या चाकांवर ओढते, ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर ढकलते. घाटात सगळा फरक इथून सुरू होतो. चढाला गाडीचं वजन मागच्या आसावर सरकतं. पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी असेल तर नेमकी तीच चाकं हलकी होतात. त्यात माल मागच्या दारापाशी साठला असेल, रस्ता ओला असेल आणि तीव्र वळणावर समोरून एसटी आल्यामुळे थांबावं लागलं, तर परत उचलताना चाक जागेवर फिरतं. गाडी वाईट आहे असं नाही. भरणाराने डोकं लावलं पाहिजे.

तुमच्या फेऱ्यात हे सोपं आहे. महाबळेश्वरचा माल ड्रायव्हरच्या पाठीला लावा, पाचगणीचा मागे. पाचगणीला मागून माल उतरला की उरलेलं वजन पुढेच राहतं. बाजूच्या दारातून आधी पुढचा माल काढायची सवय मात्र लावू नका. मग रिकामी जागा पुढे, वजन मागे, आणि पुढचा चढ तुमच्यावर उलटतो.

ट्रॅव्हलरचं उलट. भरली गाडी चढाला मस्त. रिकामी उतरताना मागचं अंग हलकं असतं, आणि दुसऱ्या गिअरवर इंजिनचा ब्रेक मागच्याच चाकांना लागतो. ओल्या पानांवर शेपूट हलते. तीन-चार पोती मागे ठेवून उतरणारे ड्रायव्हर मी बघितलेत.

कंटेनर बॉडीचं म्हणाल तर पिकअप आधीच उंच, त्यावर पेटी चढवली की वर टेबललँडच्या बाजूचा वारा अंगावर घेते. क्रेट उचलायची उंचीही तीच राहते. दीडशे क्रेट रोज छातीएवढं उचलणारा माणूस पन्नाशीत कमरेतून जातो. विंगरचं तळ खाली आहे, हा फायदा मी फार मोठा मानतो.

आणि गाडी रिकामी चालवून पसंत करू नका. शोरूमच्या सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात.

कराडकर_भट्टी

ताई, आमचीही बेकरी आहे. तुम्ही पावसाचा विचार केलात, वाफेचा केला नाहीत.

आमच्याकडे बंद गाडी आली त्या पहिल्याच आठवड्यात पाव परत यायला लागले. तळाला ओले, दुसऱ्या दिवशी बुरशी. कारण साधं होतं. ताडपत्रीत वारा खेळतो, त्यामुळे थोडा कोमट पाव भरला तरी वाटेत निवतो. बंद पत्र्याच्या पेटीत वाफेला जायला वाट नसते. ती वर जाऊन थंड पत्र्याला लागते आणि थेंब होऊन वरच्या क्रेटवर पडते. तुमच्याकडे तर वाईचा उबदार पाव आणि पाचगणीचं धुकं. बाहेरून एक थेंब नाही आला तरी आतून पाऊस पडेल.

पाव भट्टीतून निघाल्यावर आतला गर ३५ अंशांपर्यंत उतरल्याशिवाय गाडीत भरू नका. चारशे ग्रॅमच्या पावाला दीड-दोन तास लागतात. म्हणजे चारला गाडी निघायची तर शेवटचा घाणा दीडच्या आत बाहेर आला पाहिजे. गाडीबरोबर भट्टीचं वेळापत्रकही बदलेल, हे घरात आधीच बोलून घ्या. छताला दोन व्हेंटिलेटर बसवा आणि आतून पत्र्याला अस्तर लावून घ्या, उघडा पत्रा ठेवू नका.

जुनी गाडी बघताना पहिली पाच मिनिटं नुसती वास घ्यायला घालवा. दारं लावून आत बसा. पाव सगळे वास ओढून घेतो.

खतावणी

कागदांचं मी सांगतो, वाहतूकदारांचे हिशेब बघतो.

आरसीवर जीव्हीडब्ल्यू, म्हणजे मालासकट एकूण वजन, बघा. ते ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. तुमची पिकअप बहुतेक त्यातच बसते, म्हणून तुम्हाला परमिट माहीत नसेल. विंगर कार्गो ३००० च्या वर जाते, परमिट काढावं लागेल. ट्रॅव्हलरच्या आरसीवर बघून घ्या.

ड्रायव्हरचा परवाना साध्या एलएमव्हीचा (हलक्या वाहनाचा) असला तरी चालतो. मालासकट एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल तर वेगळी नोंद लागत नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलंय.

फिटनेस नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. २०१९ ची गाडी २०२७ पासून दर वर्षी पासिंगला न्यावी लागेल. तो एक दिवस लाइन बंद, हे किमतीत धरा.

मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय. मालाच्या गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) मिळतं, पण पावावर कर शून्य आहे. त्यामुळे पावाच्या विक्रीच्या प्रमाणात ते क्रेडिट सोडावं लागतं, केक-बिस्किटांपुरतंच हातात राहतं. कुणी पूर्ण रकमेचा आकडा दाखवून नवी गाडी गळ्यात मारत असेल तर सावध राहा.

आणि एक. २०२० च्या एप्रिलनंतरच्या डिझेल गाड्या बीएस सहाच्या, त्यांत धुराचा फिल्टर असतो. तुमच्या घाटाच्या फेऱ्याला त्याचा त्रास नाही, चढाला इंजिन तापतं आणि फिल्टर जळून साफ होतो. पण त्याच गाडीने दिवसभर गावात अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरची कामं केलीत तर फिल्टर तुंबून त्याचा दिवा लागणार.

भट्टीवाली_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांत बरंच घडलं, ते सविस्तर लिहिते.

आधी पुण्याची ट्रॅव्हलर. कराडकर दादांनी सांगितल्याप्रमाणे दारं लावून आत बसले. भर दुपारची वेळ. डोळे अंधाराला सरावले तेव्हा मागच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. शेजारीच वॉशिंग सेंटर होतं. मी आतच थांबले आणि नवऱ्याने बाहेरून त्या कोपऱ्यावर पाण्याचा फवारा मारायला लावला. दहा सेकंद काही नाही. मग पत्र्याच्या जोडावरून एक थेंब सरकत आला, बिजागरीपाशी थांबला, फुगला आणि माझ्या मनगटावर पडला. त्यामागून दुसरा. एवढ्यानेही मी गाडी सोडली नसती, रबर बदलता येतं. पण तळाचा प्लाय एका बाजूने उचलला तर खालचा पत्रा पापुद्र्यांनी सुटत होता आणि वास आला तो मासळीचा. विकणारा कुरिअर-कुरिअरच म्हणत राहिला. बर्फाचं खारट पाणी त्या तळात किती दिवस मुरलंय ते पत्राच सांगत होता. मी नमस्कार करून निघाले.

मग विंगर. शोरूमवाल्यांना स्पष्ट सांगितलं, डेमो गाडी माझ्या मालाने भरून माझ्या घाटात चालवणार, नाही तर बोलणं नको. कबूल झाले. आमच्याकडे मैद्याची पोती असतातच, पन्नास किलोची. वीस पोती म्हणजे बरोबर एक टन. पहिल्या फेरीला सगळी ड्रायव्हरच्या पाठीशी लावली. आमचे ड्रायव्हर मामा चालवायला, मी शेजारी. पसरणीच्या एका अवघड वळणावर मुद्दाम थांबवून हँडब्रेकवर उचलायला लावली, तीनदा. गाडी शांतपणे निघाली. मग वर जाऊन दहा पोती मागच्या दाराला लावली, खाली आलो आणि त्याच वळणावर परत. रस्ता कोरडाच होता, कडेला थोडी खडी. पुढचं चाक त्या खडीवर फर्र करून फिरलं आणि मग पकडलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. घाटवळण दादा, तुम्ही लिहिलेलं तिथे हाताला लागलं.

क्रेटही भरून बघितले. कट्ट्याचा अंदाज बरोबर होता, पण कमानींवरच्या थप्प्यांची उंची कमी पडते. १५० ऐवजी १४२ बसले. माझी हरकत नाही.

आणखी एक केलं, जे कुणी सांगितलं नव्हतं. गाडीच्या उंचीचा बांबू कापला, टोकाला लाल फडकं बांधलं आणि मुलाला घेऊन पाचगणीच्या सगळ्या शाळांच्या फाटकांखालून फिरले. एक कमान वीतभर मोकळी राहते, बाकीच्या व्यवस्थित. एका ठिकाणी मात्र मेसच्या दारावरचा पत्रा आडवा येतो. तिथल्या मावशी म्हणाल्या, पाव कोरडा येणार असेल तर ट्रॉली घेऊन आम्हीच फाटकाशी येतो. त्या म्हणजे जुलैमधल्याच मावशी.

इसार दिला. गाडी मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिळेल. खतावणी दादा, परमिटचे कागद शोरूममधूनच करून घेतेय, क्रेडिटचा आकडा आमच्या सीएंनी पुन्हा मांडला आणि तो तुम्ही म्हणालात तसाच निम्म्याहून खाली आला. घरी भट्टी दीड तास आधी पेटवायचं ठरलंय. नवऱ्याला ते जड जाणार, पण तोच म्हणाला की गरम पाव भरायचाच नाही.

कराडकर दादा, व्हेंटिलेटर दोन्ही मागे घ्यावेत की एक पुढे?

कराडकर_भट्टी

एक पुढे, एक मागे. पुढच्याचं तोंड मागच्या दिशेला ठेवा, नाही तर आडवा पाऊस तिथूनच आत येईल. आणि बसवल्यावर परत वॉशिंग सेंटरला जा, आत बसा.

घाटवळण

टायर शोरूमचेच राहू देत, पण पहिल्या पावसाआधी पुढच्या दोन्हींची हवा स्वतः तपासा. चौदा जूनच्या आसपास मी पसरणीतच असतो. पांढरी विंगर दिसली की हॉर्न देईन.