कालव्यातला गाळ: दरवर्षी जेसीबी लावून खरंच काही होतं का?

परळकर_शेतकरी: आमची जमीन कोपरगावकडे, गोदावरी कालव्याच्या चारीवर, म्हणजे शेतापर्यंत पाणी आणणाऱ्या छोट्या फाट्यावर. दरवर्षी आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटायच्या आधी जेसीबी येतो, गाळ काठावरच टाकतो आणि वळवाच्या पहिल्या पावसात तो ढीग परत चारीत. वर बकेट खोल मारून तळाचा उतारच बिघडवतात, मग त्या खड्ड्यात पाणी रेंगाळतं आणि गाळ पुन्हा तिथेच बसतो. माझं मत, हे पैसे आधी दारं दुरुस्त करायला लावा आणि कालवा पूर्ण भरून चालवा. अर्ध्या पाण्यावर वेग पडतो, गाळ बसणारच. केनेडी नावाच्या इंजिनिअरने पंजाबात अप्पर बारी दोआब कालव्यावर बघून 1895 सालीच मांडलंय की ठराविक खोलीला ठराविक वेग असला तर गाळही बसत नाही आणि तळही खरवडत नाही.

टेलवाला_भांडुप: दादा, तुमचं शेत हेडला, पाणी सुटतं त्या टोकाला असणार. आम्ही टेलला, शेवटच्या टोकाला. आमच्या चारीत पाणकणीस गवत माणसाच्या उंचीचं वाढलंय, पाणी मागणीचा सात नंबर फॉर्म भरूनही आवर्तन संपेपर्यंत पाणी पोचत नाही, वरच्यांचा ऊस भिजतो आणि आमचा गहू वाळतो. यंदा काय करायचं ते सांगा ना.

सिव्हिलवाला_मुलुंड: अहो पण गाळ येतो कुठून? धरणातून थेट निघणाऱ्या कालव्यात तो कमी असतो, जड गाळ धरणातच बसतो. गोदावरीचे कालवे निघतात नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून आणि तो बंधाराच गाळाने भरलाय, त्यात कालव्याच्या काठाचे भरावही खचलेत. मुखाशी गाळ अडवा. मुंबईतले नाले बघा, मे महिन्यात उपसायचे आणि वरून राडारोडा पडतच राहतो.

टेलवाला_भांडुप: एक वर्ष नाले उपसू नका, पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताला काय होतं बघा! म्हणजे काढावा लागतोच ना?

परळकर_शेतकरी: काढा हो, पण कुणाच्या देखरेखीखाली? 2005 च्या सिंचन कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना अधिकार दिलेत, दिंडोरीकडे वाघाडला शेतकऱ्यांनी अख्खा प्रकल्प चालवून दाखवलाय. संस्थेच्या माणसाने उभं राहून तळाची लेव्हल तपासावी, गाळ ट्रॉलीत भरून लांब न्यावा आणि ठेकेदाराचं बिल ढिगावर नको, टेलला किती पाणी पोचलं त्यावर काढावं.

टेलवाला_भांडुप: टेलच्या मापावर बिल, हे शंभर टक्के मान्य. पण आमची संस्था कागदावरच आहे, अध्यक्ष हेडचा, मीटिंग होत नाही. ती उभी राहीपर्यंत जेसीबी थांबवा म्हणाल तर आम्ही विरोध करणार.