लाळग्रंथीचा कर्करोग: लाईट (रेडिएशन) संपले, आता किती वर्षं आणि कुठे दाखवत राहायचं?

अनघा_डोंबिवली:
नमस्कार मंडळी. माझ्या सोलापूरच्या मावशीच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीतली गाठ परळला टाटात काढली. रिपोर्टमध्ये 'अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा' आहे, आणि आजार नसेच्या (चेतातंतूच्या) कडेने सरकल्याचंही लिहिलंय. लाईट नुकतेच संपले. इतके दिवस ती आमच्याकडे होती, आता तिला घरचे वेध लागलेत. काका म्हणतात, पाच वर्षं नीट गेली की सुटलो. मला ते पटत नाही, पण त्यांना समजावू कसं? तपासणी किती वर्षं करायची, दर वेळी मुंबईलाच यायचं का, आणि पुढे कसले त्रास होतात? ज्यांच्या घरी या आजाराला बरीच वर्षं झालीत त्यांनी कृपया लिहा.

विक्रोळीकर:
काकांना स्पष्ट सांगा, या प्रकारात पाच वर्षांचा हिशोब चालत नाही. माझ्या बायकोला हाच आजार टाळूच्या छोट्या लाळग्रंथीत झाला होता. टाळूचा भाग काढला, लाईट दिले, पाच वर्षं अगदी स्वच्छ गेली. नातेवाइकांनी पेढे वाटा म्हणून तगादा लावला होता. त्यानंतर बऱ्याच काळाने छातीच्या सीटीत दोन्ही फुप्फुसांत बारीक गाठी दिसल्या. हा आजार दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढतो, आणि लांब गेला तर बहुतेक वेळा फुप्फुसातच जातो. म्हणून रुग्ण जगण्याचे पाच वर्षांचे आकडे चांगले दिसतात आणि पंधरा वर्षांचे उतरलेले असतात.

पण पुढचंही ऐका. त्या गाठी इतक्या सावकाश वाढतात की डॉक्टरांनी लगेच काही सुरू केलं नाही, ठरावीक काळाने सीटी काढून नुसतं लक्ष ठेवलंय. ती रोज स्वयंपाक करते, नातवाला शाळेत सोडते. टाळूच्या जागी ऑब्ट्युरेटर, म्हणजे टाळूचं भोक झाकणारी कवळीसारखी पट्टी, बसवलाय. जेवण झालं की तो काढते, मऊ ब्रशने घासते, पोह्यातला मोहरीचा दाणा अडकला असेल तर तोही काढते आणि परत बसवते. तो नसला की बोलणं नाकातून येतं आणि पाणी नाकात चढतं. पसरला म्हणजे संपलं, असं या आजारात धरून चालू नका.

तपासणी पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी असते, मग अंतर वाढत जातं आणि पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. ती वर्षातली एक खेप जन्मभर चुकवायची नाही. छातीचा सीटी कधी काढायचा हे आत्ताच विचारून केसपेपरवर लिहून घ्या.

माहीमची_मेधा:
एक भर घालते. लाळग्रंथीचा कर्करोग म्हणजे एक आजार नव्हे. मला कानापुढच्या ग्रंथीत म्युकोएपिडर्मॉइड नावाचा प्रकार होता, लो ग्रेड, म्हणजे कमी आक्रमक. अशा बहुतेकांचं नुसत्या ऑपरेशनवर भागतं. त्यामुळे शेजारीण काय म्हणाली यावरून मावशींचं भविष्य ठरवू नका, रिपोर्टवरचं नाव, ग्रेड, मार्जिन (काढलेल्या भागाच्या कडेला आजार उरलाय का) आणि नस हेच बघा. मला राहिलेला त्रास म्हणजे जेवताना गालावर घाम येतो. लाळेच्या नसा घामाच्या ग्रंथींना चुकीच्या जोडल्या जातात म्हणून. फार झाला तर बोटॉक्सचं इंजेक्शन असतं.

दंतवैद्य_ठाणे:
दातांकडे कुणाचं लक्ष नसतं म्हणून कळकळीने लिहितोय. लाईटनंतर लाळ कमी झाली की दात मुळाशी, हिरडीच्या कडेने किडतात, आणि झपाट्याने. रोज फ्लोराइड लावायचं, गोड चघळत बसायचं नाही, पाण्याची बाटली जवळ. सगळ्यात महत्त्वाचं: लाईट मिळालेल्या जबड्यातला दात परस्पर उपटू देऊ नका. त्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम भरत नाही, हाड सडू शकतं. हा धोका वर्षानुवर्षं राहतो. तोंड उघडायचे व्यायामही सोडू नका. आपलीच तीन बोटं उभी आत जायला हवीत. मानेला लाईट दिले असतील तर थायरॉइड सहा ते बारा महिन्यांनी तपासा. रक्ताची ही तपासणी सोलापुरात आरामात होते.

परळ_स्वयंसेवक:
प्रवासाचं सांगतो. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबत्याला पाऊण सवलत. रुग्णालयातून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. सिद्धेश्वरने रात्रीत मुंबई गाठता येते. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांना परवानगी आहे, फाइल हाताशी ठेवा. मुंबईची खेप ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांसाठी राखा, बाकीचं गावी करता येईल का ते त्यांनाच विचारा. कागदांची एक प्रत काकांकडे, एक तुमच्याकडे. दहा वर्षांनी नव्या डॉक्टरला पहिला रिपोर्ट लागतोच.

अनघा_डोंबिवली:
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना विक्रोळीकरांचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. आधी गप्प झाले, मग म्हणाले, दाखल्याचं कधी बघायचं? दंतवैद्य साहेब, मावशीची त्याच बाजूची एक दाढ हलतेय. सोलापूरला ओळखीचे डॉक्टर पाच मिनिटांत काढून देतो म्हणतात.

दंतवैद्य_ठाणे:
नको. निघायच्या आधी लाईट देणाऱ्या डॉक्टरांना आणि तिथल्याच दंत विभागाला दाखवा. त्या दाढेच्या जागी डोस किती गेला हे त्यांच्याकडे नोंदलेलं असतं. तोवर त्या बाजूने चावू नका.